जंतूची पकड



आपल्याकडे 'उन्हाळी लागली' असे म्हणतात. लघवीला जळजळ होते, थेंबथेंब होते, जाऊन आले तरी पुन्हा जावेसे वाटते, ओटीपोट दुखते. घरातली वडीलधारी माणसे सांगतात, ऊन बाधले असेल. धने-जिरे भिजवून त्याचे पाणी घे, सब्जा घे, ताक पी. जिला हा त्रास होतो ती बहुधा बाईमाणूस असते, आणि बहुधा ती कोणाला सांगत नाही. दुखणे पडले अवघड जागेचे. चार दिवस सोसायचे. आपोआप गेले तर गेले, नाही तर थंडी वाजून ताप भरला म्हणजे मग दवाखान्याची वाट धरायची.

या दुखण्याचा इतिहास आज तुम्हांला सांगायचा आहे. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड-किल्ले उभे राहतात. मग एका गडापासूनच सुरुवात करू. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, तेव्हा कड्यावर घोरपड लावली आणि तिच्या दोराने मावळे वर चढले, ही कथा आपण पोवाड्यातून ऐकत आलो. ती घडली तशीच घडली की नाही, हे इतिहासकार ठरवतील. पण कथेतली गोम ध्यानात ठेवा. तट कितीही उंच असो, ज्याला कड्याला धरून राहता येते तोच आत शिरतो. ज्याला पकड नाही तो खाली दरीत जातो.

मूत्राशय हाही एक गडच म्हणायचा. मूत्रपिंडांतून रात्रंदिवस थेंबथेंब लघवी येत असते, ती या पिशवीत साठते. अर्धा लिटरच्या आसपास साठली की जोराची भावना होते आणि पिशवी रिकामी होते. म्हणजे दिवसातून पाच-सात वेळा सगळे अंगण धुऊन निघते. आता तुम्हीच विचार करा. समजा एखादा जंतू चुकून आत आला, तर पहिल्याच लोंढ्याबरोबर तो बाहेर पडायला हवा. मग तो टिकतो कसा? हा प्रश्न साधा दिसतो खरा, पण त्याचे उत्तर मिळायला शंभर वर्षे लागली.

दुखणे काही नवे नाही. आपल्या चरकसंहितेत 'मूत्रकृच्छ्र' या नावाने त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. लक्षणे जुन्या वैद्यांनी बारकाईने पाहिली होती. त्यांना दिसला नाही तो जंतू, कारण तो पाहण्याचे साधनच त्यांच्या काळी नव्हते.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये लुई पाश्चर याने एक मोठी गोष्ट दाखवून दिली. लघवी उकळून, हवेतली धूळ आत जाऊ न देता ठेवली, तर ती नासत नाही. म्हणजे नासणे हा लघवीचा अंगचा गुण नव्हे. नासवणारा कोणी बाहेरून येतो. पुढे १८८१ साली इंग्लंडातल्या मँचेस्टरचे डॉक्टर विल्यम रॉबर्ट्‌स यांनी नुकत्याच केलेल्या ताज्या लघवीतही काही रोग्यांच्या बाबतीत जंतू दिसतात, असे लिहून ठेवले. हे जंतू बाहेर आल्यावर पडलेले नव्हते, ते आतूनच आले होते.

आता या कथेतला मुख्य जंतू पुढे येतो. जर्मनीत म्यूनिक शहरी थिओडोर एशरिश नावाचा एक तरुण डॉक्टर होता. लहान मुलांचे रोग हा त्याचा विषय. तान्ह्या मुलांची शी तपासणे, हे काम कोणाला आवडेल? पण त्याने ते चिकाटीने केले, आणि १८८५ साली निरोगी बाळांच्या आतड्यात राहणाऱ्या एका काडीसारख्या जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले. हा जंतू इतका बारीक, की एका मिलिमीटरात एकापुढे एक असे पाचशे मावतील. एशरिशने त्याला 'आतड्यातला सर्वसाधारण जंतू' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. एशरिशच्या मृत्यूनंतर त्याच्याच नावावरून त्याला 'एशरिशिया कोलाय' म्हणू लागले. आज डॉक्टर त्याला थोडक्यात 'ई. कोलाय' म्हणतात.

हा जंतू तुमच्या-माझ्या आतड्यात आत्ता या क्षणी आहे, आणि बहुतेक वेळ तो काही त्रास देत नाही. पण १८९४ साली याच एशरिशला लहान मुलींच्या मूत्राशयाच्या दाहात हाच जंतू सापडला. गव्हाच्या शेतात ज्वारीचे ताट उगवले तर आपण त्याला तणच म्हणतो ना? ज्वारी वाईट नव्हे, जागा चुकली. तसेच इथे आहे. आतड्यात निमूट राहणारा जंतू मूत्राशयात गेला की उपद्रव करतो. स्त्रियांच्या शरीरात गुदद्वारापासून मूत्रद्वार जवळ, आणि तिथून मूत्राशयापर्यंतची नळी जेमतेम चार सेंटीमीटर. पुरुषाची ती नळी वीस सेंटीमीटरच्या आसपास. म्हणून हे दुखणे बायकांना फार. जगातल्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी ते होतेच. यात कोणाच्या वागणुकीचा दोष नाही. शरीराची ठेवणच तशी आहे.

बरं, जंतू सापडला. तो कोणत्या वाटेने येतो हेही कळले. पण तो टिकतो कसा, हा आपला प्रश्न तसाच राहिला.

त्याचा पहिला धागा एका वेगळ्याच ठिकाणी मिळाला. १९०८ साली गियो नावाच्या संशोधकाने ई. कोलाय जंतू आणि रक्तातल्या तांबड्या पेशी एकत्र मिसळल्या. तेव्हा दूध फाटावे तशा त्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. याचा अर्थ काय? जंतूंनी पेशींना धरले, एका जंतूने दोन पेशी धरल्या, त्या पेशींना दुसऱ्या जंतूंनी धरले, आणि सगळ्यांची मिळून गुठळी झाली. जंतूला काहीतरी हातासारखे अवयव असले पाहिजेत, असा तर्क आज आपण सहज करतो. पण त्या काळच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून जंतूच्या अंगावर काही दिसत नव्हते, आणि न दिसणाऱ्या हातांवर विश्वास कोण ठेवणार?

१९३१ साली जर्मनीत एर्न्‌स्ट रुस्का आणि माक्स क्‍नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरणारा सूक्ष्मदर्शक बांधला. त्यात साध्या सूक्ष्मदर्शकापेक्षा कितीतरी बारीक वस्तू दिसू लागल्या. १९५० साली हॉलंडमध्ये हाउविंक आणि फान इटरसन या दोघांना या यंत्राखाली जंतूच्या अंगावर बारीक केसासारखे तंतू दिसले. पोहण्यासाठी जंतूला लांब शेपट्या असतात, त्या ठाऊक होत्या. हे तंतू त्यांहून वेगळे, आखूड आणि सरळ. कशाला तरी चिकटून राहण्यासाठी ते असावेत, असा अंदाज त्यांनी केला.

अंदाजाला पुरावा दिला तो स्कॉटलंडच्या जे. पी. ड्युगिड यांनी. १९५५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या जंतूंच्या अंगावर हे तंतू असतात तेच तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतात. ज्यांच्या अंगावर नसतात ते करत नाहीत. ड्युगिडनी या तंतूंना 'फिंब्रिया' म्हटले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ झालर. पुढे १९५९ साली अमेरिकेतल्या चार्ल्स ब्रिंटन यांनी त्यांना 'पिली', म्हणजे केस, हे नाव दिले. दोन्ही नावे अजून चालतात. आपण आपले 'झालर' म्हणू. एका जंतूच्या अंगावर झालरीचे शेकडो तंतू असू शकतात. प्रत्येक तंतू इतका बारीक, की एका मिलिमीटरात असे सुमारे १ लाख ४० हजार तंतू शेजारी शेजारी बसतील.

त्याच १९५५ साली आणखी एक चमत्कारिक गोष्ट समजली. जंतू आणि पेशी यांच्या मिश्रणात 'मॅनोज' नावाची एक साखर घातली, तर गुठळ्या होत नाहीत. मॅनोज म्हणजे द्राक्षातल्या साखरेची, ग्लुकोजची, चुलतबहीण. आपल्या शरीरातल्या पुष्कळ पेशींच्या पृष्ठभागावर ती जडवलेली असते. मग उलगडा असा झाला: जंतूचा हात पेशीवरच्या या साखरेलाच धरतो. सुटी साखर भरपूर दिली तर त्याचा हात तिनेच भरून जातो, पेशीला धरायला तो मोकळा राहत नाही. मळणीच्या वेळी आपण बैलाच्या तोंडाला मुसके बांधतो ना? बैल तसाच फिरतो, पण दाण्याला तोंड लावू शकत नाही. मॅनोज हे जंतूचे मुसके ठरले.

आता तुम्ही म्हणाल, इतके कळले होते तर लगेच औषध का नाही निघाले? त्याचे कारण असे, की त्या वेळी डॉक्टरांना या गोष्टीची गरज वाटली नाही. १९३५ साली जर्मनीच्या गेरहार्ट डोमाक यांनी सल्फा जातीचे पहिले औषध जगापुढे आणले होते. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन आले. मागोमाग आणखी औषधे आली. जंतू मारताच येतो, मग तो चिकटतो कसा याची चौकशी कशाला करायची? घरात विंचू निघाला तर आपण तो मारतो, तो भिंतीवर चढतो कसा हे पाहत बसत नाही.

त्या वर्षांत दुसरे एक उपयोगी काम मात्र झाले. लघवी तपासायला घेताना बाहेरचे जंतू त्यात मिसळतात. मग खरा रोग कोणता आणि मिसळ कोणती? अमेरिकेत बॉस्टनचे एडवर्ड कॅस यांनी १९५६ च्या सुमारास जंतू मोजण्याची रीत घालून दिली. एका मिलिलिटरमध्ये १ लाख किंवा त्याहून अधिक जंतू असतील तर ते आतलेच समजावेत. पुढे १९८२ साली असे दिसले, की ज्या बाईला जळजळ होते आहे तिच्या बाबतीत शंभर जंतूही खऱ्या रोगाचे असू शकतात. म्हणजे नुसत्या आकड्याकडे न पाहता रोग्याचे म्हणणेही ऐकले पाहिजे.

झालरीचा प्रश्न पुन्हा वर आला तो स्वीडनमध्ये. गटेबोर्ग शहरात शाळेतल्या मुलींच्या लघवीची तपासणी झाली होती. त्यात एक कोडे निघाले. काही मुलींच्या लघवीत भरपूर जंतू, आणि त्यांना त्रास काहीच नाही. दुसऱ्या काही मुली मात्र त्याच जातीच्या जंतूने तापाने फणफणलेल्या, मूत्रपिंडापर्यंत रोग गेलेला. असे का? कॅथरिना स्वानबोर्ग-एडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. लघवीबरोबर मूत्रमार्गाच्या अस्तरातल्या जुन्या पेशी गळून येतात. निरोगी स्त्रियांच्या लघवीतून त्या पेशी गोळा केल्या, त्यांत वेगवेगळ्या रोग्यांचे जंतू मिसळले, आणि एकेका पेशीला किती जंतू चिकटले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. १९७६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: मूत्रपिंडाचा ताप आणणारे जंतू पेशींना खूप चिकटतात, ज्या मुलींना त्रास नव्हता त्यांचे जंतू थोडे चिकटतात. म्हणजे जात एक असली तरी प्रत्येकाची पकड सारखी नसते, आणि पकडीवरून रोगाचा जोर ठरतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, या प्रयोगाकडे मुद्दाम लक्ष द्या. यात काही महागडे यंत्र नव्हते. मिसळणे, पाहणे आणि मोजणे, एवढ्यावरच तो उभा होता. विज्ञान शिकवताना मुलांना सांगण्याजोगी ही गोष्ट आहे.

त्यानंतर वाट भराभर मोकळी झाली. १९७७ साली इस्रायलमधल्या इत्झाक ओफेक, डेव्हिड मिरेलमन आणि नेथन शेरॉन यांनी ई. कोलाय माणसाच्या अस्तराच्या पेशींना मॅनोजच्याच आधाराने चिकटतो, हे दाखवले. १९७९ साली उंदरांवर प्रयोग झाला. मॅनोजसारखी साखर जंतूंबरोबर मूत्राशयात सोडली, तेव्हा कमी उंदरांना जंतूंची बाधा झाली. १९८० च्या सुमारास स्वीडनमध्येच दुसऱ्या जातीची झालर सापडली. ती मॅनोजला धरत नाही, मूत्रपिंडातल्या पेशींवरच्या निराळ्या साखरेला धरते. मूत्राशयासाठी एक हात, मूत्रपिंडासाठी दुसरा. शेतकऱ्याच्या घरी खुरपे वेगळे आणि विळा वेगळा, तसाच हा प्रकार.

आता मूत्राशयाच्या तटाकडे वळू. आतले अस्तर मोठ्या, चपट्या पेशींचे असते. छत्री पसरावी तशा त्या खालच्या पेशींवर पसरलेल्या असतात, म्हणून त्यांना छत्रीपेशीच म्हणतात. त्यांच्या पृष्ठभागावर प्रथिनांच्या षट्कोनी फरश्या बसवलेल्या असतात. या फरशीबंदीमुळेच लघवी आतल्या मांसात झिरपत नाही. पण तटाचा मजबूत दगडच शत्रूला पाय ठेवायला उपयोगी पडावा, तसे झाले. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी १९९६ साली दाखवले, की जंतूची झालर या फरशीच्याच प्रथिनाला धरते, कारण त्यावर मॅनोज साखर जडलेली असते. १९९८ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये स्कॉट हल्टग्रेन यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या मूत्राशयाची छायाचित्रे प्रसिद्ध केली. झालरीची टोके थेट फरशीत रुतलेली त्यात दिसली. १९०८ साली ज्या हातांचा नुसता सुगावा लागला होता, ते नव्वद वर्षांनी गडाच्या तटावर धरलेले सापडले!

हा हात आहे कसा? तंतूचा दांडा म्हणजे एकाच प्रकारच्या प्रथिनाचे हजाराच्या वर मणी एकमेकांत अडकवून केलेली माळ, आणि ती माळ मळसूत्रासारखी गुंडाळलेली. टोकाला एकच वेगळा मणी, त्याला 'फिमएच' म्हणतात. त्यात एक छोटी खोबण असते, तीत मॅनोज बरोबर बसते. धरण्याचे काम या टोकाच्या मण्याचे. दांड्याचे काम ताण सोसण्याचे. काकडीच्या किंवा दोडक्याच्या वेलाचे तणावे पाहिले आहेत ना? वारा आला की गुंडाळलेला तणावा उलगडतो, वारा गेला की पुन्हा आखडतो. वेल तुटत नाही. लघवीचा लोंढा आला की झालरीचा दांडा असाच उलगडून लांब होतो, आणि लोंढा ओसरला की पुन्हा गुंडाळतो.

याहून नवलाची गोष्ट २००२ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे उघडकीस आली. वेंडी थॉमस, येव्हगेनी सोकुरेंको, व्हिओला फोगेल आणि त्यांचे सहकारी जंतूंवरून पाणी वाहवून पाहत होते. पाण्याचा जोर वाढवला की जंतू सुटतील, असे कोणालाही वाटेल. झाले उलटे. जोर वाढला तसे ते अधिक घट्ट बसले. जोर कमी झाला की सैल झाले. याचे कारण फिमएचच्या घडणीत आहे. त्याचे दोन भाग असतात. ताण पडला की ते एकमेकांपासून दूर होतात आणि साखरेवरची खोबण आवळली जाते. आपल्या गुराख्याला हे शिकवायला नको. सरकफासाचे दावे जनावर जितके ओढील तितके आवळते. लोंढा नसतो तेव्हा जंतू थोडा सैल होऊन पुढे सरकतो, लोंढा आला की मूठ आवळून बसतो. ज्या पाण्याने त्याला धुऊन काढायचे, त्याच पाण्याने त्याची पकड पक्की व्हावी, अशी ही करामत!

मग शरीर काय हात बांधून बसते? नाही. जंतू चिकटले की छत्रीपेशी स्वतः गळून पडतात आणि जंतूंना घेऊन लघवीवाटे निघून जातात. घरातली एक खोली पेटली तर तेवढे छप्पर ओढून काढावे, तसा हा उपाय. परंतु काही जंतू त्याआधीच पेशीच्या आत शिरतात. २००३ साली सेंट लुईसच्याच प्रयोगशाळेने दाखवले, की उंदराच्या मूत्राशयात पेशीच्या पोटात ते हजारोंनी वाढतात आणि त्यांचे फुगीर गोळे होतात. २००७ साली आजारी स्त्रियांच्या लघवीतही अशा गोळ्यांच्या खुणा मिळाल्या. औषध घेऊन बरे वाटले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्रास सुरू झाला, असे पुष्कळ बायका सांगतात. काही वेळा जंतू बाहेरून नव्याने येतो हे खरे. पण काही वेळा आत दडलेलाच पुन्हा बाहेर पडत असावा, हे आता मानावे लागते.

शरीराची दुसरी युक्ती फार सुंदर आहे. १९५० साली इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल या अमेरिकन संशोधकांनी माणसाच्या लघवीतून एक प्रथिन वेगळे काढले. निरोगी माणसाच्या लघवीत सर्वांत जास्त असणारे प्रथिन ते हेच. त्याचे काम काय, हे पुष्कळ वर्षे कळले नाही. पुढे लक्षात आले, की त्याच्या धाग्यांवरही मॅनोज जडलेली असते. कपाशीच्या बांधाला आपण सापळा पीक लावतो. कीड त्यावर जाते आणि मुख्य पीक वाचते. तसे हे प्रथिन लघवीत तरंगत राहते, जंतू त्यालाच तट समजून धरतो, आणि त्याच्यासह बाहेर फेकला जातो. २००४ साली ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हते त्यांना बाधा अधिक सहज होते असे दिसले, आणि २०२० साली जंतूंना वेढून बसलेले हे धागे प्रत्यक्ष पाहता आले.

आता सगळ्यांत व्यावहारिक प्रश्न. निसर्ग साखरेचा सापळा लावतो, तर आपणही मॅनोजची पूड खाऊन जंतूला मुसके बांधावे की नाही? युक्तिवाद अगदी बिनतोड वाटतो. ही पूड परदेशी दुकानांतून पुष्कळ वर्षे विकली जाते आहे. पण युक्तिवाद बिनतोड असला म्हणजे उपाय लागू पडतोच असे नाही; तो पारखून पाहावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये वारंवार हा त्रास होणाऱ्या ५९८ स्त्रियांवर तशी पारख झाली. निम्म्यांना मॅनोज, निम्म्यांना दिसायला-चवीला तशीच दुसरी साखर, सहा महिने रोज. कोणाला काय मिळाले हे त्यांना ठाऊक नव्हते. २०२४ साली निकाल लागला. मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी सुमारे ५६ टक्के स्त्रियांना पुन्हा दवाखान्यात जावे लागले. हा फरक भरवसा ठेवण्याइतका नाही. साखर चांगली, तत्त्व खरे, पण खाल्लेली पूड कामाला आली नाही. फिमएचच्या खोबणीत मॅनोजपेक्षा कितीतरी घट्ट बसतील असे पदार्थ प्रयोगशाळेत तयार झाले आहेत. ते अजून रोजच्या औषधात आलेले नाहीत.

दुसरी एक पारख बल्गेरियात झाली, तिचा निकाल २०१८ साली आला. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा हा त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया. त्यांतल्या निम्म्यांना सांगितले, रोज दीड लिटर पाणी जास्त प्या. वर्षअखेर हिशेब केला. नेहमीसारखे पाणी पिणाऱ्यांना सरासरी ३.२ वेळा त्रास झाला होता, जास्त पाणी पिणाऱ्यांना १.७ वेळा. औषध नाही, पूड नाही, नुसते पाणी.

तुमच्यापैकी एखादा चौकस श्रोता म्हणेल, "अहो, आत्ताच तर सांगितलंत, लोंढ्यानं पकड घट्ट होते. मग पाण्याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. जो एकदा घट्ट बसला त्याला पाणी सहजासहजी हलवत नाही. पण जंतूला अन्न आणि ऊब मिळाली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. या हिशेबाने एका जंतूचे तीन तासांत ५१२ होतील. त्यांतले जे अजून चिकटलेले नाहीत, ते लघवी वेळच्या वेळी झाली तर बाहेर जातात. कोंडून ठेवली तर त्यांना तटापर्यंत पोहोचायला आयती सवड मिळते. म्हणजे आजीचे धन्या-जिऱ्याचे पाणी अगदीच वाया जात नव्हते. त्यात पाणी तर होतेच! मात्र आजीला एक ठाऊक नव्हते, की सगळी जळजळ उन्हाची नसते. नुसती उन्हाने लघवी कडक झाली असेल तर पाण्याने भागेल. पण त्रास थांबत नसेल, लघवीत रक्त दिसत असेल, थंडीताप आणि कुशीत दुखणे असेल, बाई गरोदर असेल किंवा रोगी लहान मूल असेल, तर घरगुती उपायांवर दिवस घालवू नका, डॉक्टरांकडे जा. आणि डॉक्टरांनी जितके दिवस औषध सांगितले तितके दिवस ते घ्या. दोन गोळ्यांनी बरे वाटले म्हणून उरलेल्या फडताळात ठेवायच्या आणि पुढे शेजारणीला द्यायच्या, ही सवय घातक आहे. जुन्या औषधांना न जुमानणारे ई. कोलाय आज जगभर वाढले आहेत. झालरीचा अभ्यास पुन्हा महत्त्वाचा झाला तो यामुळेच.

शेवटची गोष्ट शिक्षकांसाठी. पुष्कळ शाळांतल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. का, ते त्यांना विचारा. शौचालय लांब असते, दाराला कडी नसते, आत पाणी नसते, नाही तर तासाच्या मधे विचारले की वर्ग हसतो. म्हणून तहान मारायची, आणि लघवी आली तरी घरी जाईपर्यंत आवरायची. शेतावर मजुरीला जाणाऱ्या बायांचेही असेच; आडोसा नसतो, म्हणून पाणीच नको. आज जे सांगितले ते मनात धरून पाहा. जंतूला नेमके हेच हवे असते: थोडी लघवी, फार वेळ कोंडलेली. एखाद्या मुलीने "बाई, जाऊ?" म्हणून बोट वर केले, तर "आत्ताच का?" असे विचारू नका. दाराची कडी दुरुस्त करून घ्या, बादलीत पाणी राहील असे बघा.

एशरिशपासून आजपर्यंत एवढ्या लोकांनी हयात घालवून जंतूची मूठ आपल्याला उघडून दाखवली. ती सोडवण्याचे औषध यायचे तेव्हा येईल. तोवर एक तांब्या पाणी आणि एक बंद होणारे दार, एवढे तर आपल्या हातात आहे.